फणसातला गज

"आणि बार लागलो तर?"

न्हानूतात्यांनी एवढंच विचारलं आणि अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली.

हवालदारानं साधी गोष्ट विचारली होती. ठासणीच्या बंदुकीतून एका वेळी एकच बार निघतो. तो चुकला तर दुसरा भरायला वेळ किती? आणि म्हातारा विचारतो, लागला तर?

"लागला तर लागला," हवालदार म्हणाला. "विषय संपला."

"कोणाचो?"

"अस्वलाचा. आणखी कोणाचा?"

तात्यांनी सुपारीचं खांड त्याच्यापुढे धरलं. त्यानं घेतलं नाही. मी घेतलं. सुपारी वाया कशाला घालवायची?

तात्यांच्या ओसरीवर मी काय करत होतो, ते आधी सांगून टाकतो. मी अण्णा परब, आंबेखोलातला अर्ज लिहिणारा माणूस. बंदुकीला मी जन्मात हात लावलेला नाही. नुसता आवाज झाला तरी मी कानात बोटं घालतो. पण आमच्या गावात एकोणीस बंदुका आहेत आणि एकोणीसच्या एकोणीस परवान्यांचे अर्ज माझ्या अक्षरात आहेत. 'शेतीसंरक्षणासाठी' हा शब्द मी आता झोपेतही बिनचूक लिहीन. डुकरं आली, गवे आले, तर बार आकाशात काढायचा आणि जनावर पळवायचं, एवढ्यासाठी त्या बंदुका. अस्वलाला गोळी घातली तर सरळ तुरुंग. हे मी प्रत्येकाला वाचून दाखवतो. प्रत्येकजण मान डोलावतो.

हवालदारानंही डोलावली होती.

हवालदार म्हणजे वासुदेव दळवी. बावीस वर्षं फौजेत काढून आलेला. नेमबाजीची चार पदकं भिंतीवर. बाप वारल्यावर बापाची बंदूक त्याच्या नावावर करायचा अर्ज मीच लिहिला. परवाना हातात पडला त्याच दिवशी मला म्हणाला, "अण्णा, आता ती काळी माझ्या हातून वाचत नाही."

काळी म्हणजे अस्वल. रानाला घर टेकलेली आमची माणसं रानात त्याचं नाव घेत नाहीत.

त्याच्या रागाचं कारणही ऐका, नाहीतर तुम्ही त्याला उगाच शिव्या घालाल. मागच्या काजूच्या हंगामात त्याच्या धाकट्या भावाला, भिवाला, त्यांच्याच बागेत अस्वलानं धरलं. एक डोळा गेला. डावा गाल शिवून शिवून जागेवर आणला. जीव वाचला, पण माणूस उंबऱ्याच्या आत राहिला तो राहिलाच. वर्ष झालं, भिवा अंगणात उतरला नव्हता. तुम्ही त्यांच्या घरी गेलात तर आतल्या खोलीच्या कोपऱ्यातून एक डोळा तुमच्याकडे बघायचा. तुम्ही बघितलंत की तो भिंतीकडे फिरायचा. सोन्यासारखा मुलगा हो. दशावतारात राजाचं काम करायचा, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा गळा होता त्याचा.

हवालदारानं देवासमोर शब्द दिला होता. काळीचं कातडं आणून दारात अंथरीन, त्यावर पाय देऊन भिवा बाहेर येईल.

पण घरातली बंदूक ठासणीची. फौजेत हवालदारानं नाना हत्यारं चालवली, ही कधीच नाही. नळीत वरून दारू ओता, काथ्या कोंबा, छर्रे घाला, पुन्हा काथ्या, मग लांब लोखंडी गजानं सगळं ठासा, गज काढा, मागे घोड्याखाली ठिणगीची टिकली, म्हणजे केप, बसवा, तेव्हा कुठे बंदूक तयार. एखादी चूक झाली तर बार होत नाही. मोठी चूक झाली तर नळी फुटून तोंडावर येते. ही विद्या नीट येणारा गावात एकच माणूस उरला होता, न्हानू गावस.

आणि न्हानूतात्या म्हणजे कोण, ते आमच्या बाजूला कोणालाही विचारा. चाळीस वर्षांमागे त्यांनी अस्वलाला समोरासमोर पिटाळलं. बंदुकीतून लोखंडी गज बाणासारखा सोडला. तो गज दळव्यांच्या बागेखाली, पाणवठ्याच्या फणसात अजून रुतलेला आहे. गावात नवी सून आली की तिला आधी देऊळ दाखवतात आणि मग तो फणस. माझ्या बायकोला मी फणस आधी दाखवला होता.

"शिकवणार ना?" हवालदारानं विचारलं.

"शिकयतंय. पण आठ दिवसांनी बंदुको ठाण्यात जातली."

ते खरं होतं. निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागेपर्यंत. डुकरांना ही बातमी कोण पोचवतं देव जाणे, नेमकी तेव्हाच शेतात उतरतात.

"आठ दिवस पुष्कळ झाले," हवालदार म्हणाला. "तात्या, मला नेम शिकवायची गरज नाही. चालायचं कसं, लपायचं कसं, तेही नको. फक्त ठासणी शिकवा."

"बरां. फक्त ठासणी."

पहिल्या दिवशी दारू. शिंगातून मापानं ओतायची, तीही नळीत नव्हे, केळीच्या पानावर. ओत, परत भर. ओत, परत भर. दुपारपर्यंत चार पदकांचा माणूस केळीच्या पानापुढे मांडी घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी काथ्या. तात्या नारळाचं सोडण सोलून द्यायचे, हवालदारानं त्याची गोळी वळायची. सैल झाली की तात्या नुसते मान हलवायचे... परत.

मी ओसरीच्या टोकाला बंदुका जमा करायचे अर्ज लिहीत बसायचो आणि मजा बघायचो. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी गज. चौथ्या दिवशी सगळं एकत्र, फक्त केप नाही. आता हवालदाराच्या अंगात वारं शिरलं. मनगटावरचं घड्याळ समोर काढून ठेवलं.

"तात्या, चाळीस सेकंद!"

पाचव्या दिवशी ओरडला, "अठ्ठावीस!"

"शाब्बास," तात्या म्हणाले, आणि ते मनापासून होतं. "माका जन्मात जमूक नाय इतक्या बेगीन."

हवालदाराची छाती फुगली.

"आता सांग. अस्वल वीस पावलांवरसून कितक्यात येता?"

हवालदारानं घड्याळ उलटं ठेवलं.

"सांग मरे. घड्याळ तुझ्याकडे आसा."

"तीन सेकंद," हवालदार हळूच म्हणाला.

"मगे ऱ्हवलेल्या पंचवीसात काय करतलस?"

हवालदारानं काथ्याची गोळी मुठीत चुरगळली. मग म्हणाला, "म्हणूनच पहिला बार चुकता कामा नये."

"आणि लागलो तर?"

"तात्या, तुम्ही परत परत तेच विचारता!"

"तू सांगणस नाय म्हणान."

सहाव्या दिवशी तात्या शिकवायला बसलेच नाहीत. काठी टेकत उठले आणि दळव्यांच्या घरी गेले. मीही मागोमाग गेलो. आतल्या खोलीत भिवा भिंतीला टेकून बसला होता. तात्या त्याच्या शेजारी खाली बसले, जेवायला बसावं तसे.

"त्या दिवशी बागेत कसो चललंस रे, भिवा?"

भिवाचा डोळा दाराकडे गेला. दारात हवालदार पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

"हळू," भिवा म्हणाला. "पाय न वाजयता."

"बरां," तात्या म्हणाले.

आणखी काही विचारलं नाही. तांब्यातलं पाणी प्यायले, भिवाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले. मला वाटलं, म्हातारा उगाच एवढं चालत आला.

सातव्या दिवशी सकाळी, ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यावर आलं असताना, आम्ही तिघे बागेकडे निघालो. उद्या बंदुका जाणार होत्या. मी कशाला गेलो म्हणाल, तर तात्याच म्हणाले, "चल रे अण्णा. इतकी वर्षां लिवतंस, एकदा बघ तरी कित्यासाठी लिवतंस ता."

हवालदाराची बंदूक रिकामी होती. तात्यांनी तसंच बजावलं होतं, बागेत पोचल्यावर भरायची. तात्यांची बंदूक मात्र त्यांच्या खांद्यावर, भरलेली. ते दसऱ्याला घरी एक बार भरतात, तो पावसाच्या आधी आकाशात काढतात. मधे आठ महिने तो तसाच. गावाला हे माहीत होतं आणि गावाला त्याचा अभिमान होता.

हवालदार पुढे, मांजरासारखा. पान वाजू देत नव्हता. मागून तात्या काठी दगडावर आपटत, खाकरत, मोठ्यानं बोलत येत होते.

"येतंव गो... आमी येतंव... बाजूक हो!"

हवालदार गर्रकन वळला. "तात्या, असा गोंगाट केलात तर ती पळून जाईल!"

"होय तर."

"मग मी मारू कशी?"

"ता तुझा काम. माझा काम चलूचा."

मला हसू आलं ते मी दाबलं. हवालदाराच्या हातात बंदूक होती, रिकामी असली म्हणून काय झालं.

बागेच्या दगडी गडग्याशी तात्या थांबले. पिकलेल्या बोंडवांचा, काजूच्या फळांचा, आंबूस वास सगळीकडे सुटला होता. झाडांखाली बोंडवांचा सडा पडलेला, वर्षभर कोणी बागेत फिरकलेलं नाही.

"भर," तात्या म्हणाले.

हवालदारानं मनगट वर केलं, घड्याळ बघितलं आणि सुरुवात केली. दारू. काथ्या. छर्रे. काथ्या. गज. हात असे चालत होते की बघत राहावं. एवढ्यात खालच्या झाडामागून आवाज आला... सुर्र, सुर्र. कोणीतरी ओठांनी काहीतरी चोखत होतं.

हवालदारानं झटकन केप बसवली. घोडा ओढला.

काजूच्या बुंध्याशी काहीतरी काळं हललं. मला आधी वाटलं, जळक्या पाल्याचा ढीग. तो ढीग उभा राहिला.

वीस पावलं, फार तर. नाक वर, वास घेत. छातीवर पांढुरका पट्टा, तोंडावरून बोंडवाचा रस गळतोय. आणि पायाशी पिल्लू.

हवालदारानं बंदूक खांद्याला लावली. नेम म्हणजे काय, ते मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. माणूस हलत नव्हता, छाती हलत नव्हती. अगदी खरं सांगतो, घाबरायच्या आधी मला त्याचं कौतुक वाटलं. मग मात्र मी तात्यांच्या मागे सरकलो.

तात्या त्याच्या उजव्या हाताला उभे होते. त्यांनी स्वतःची बंदूक खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. घरात मीठ मागावं अशा आवाजात म्हणाले,

"हवालदार... गज."

हवालदाराची नजर अस्वलावरून नळीच्या टोकावर आली.

नळीच्या तोंडातून वीतभर लोखंड बाहेर आलेलं होतं. ठासल्यावर गज काढायचा राहिला होता.

बोट चापावर. घोडा वर. दाबला असता तर गज कुठेही गेला असता, आणि नळी फुटली असती तर भिवाच्या शेजारी दुसरा गाल शिवायला बसावं लागलं असतं. गज ओढायचा तर हात हलवायला हवा. हात हलवला तर काळी येणार.

तात्या एक पाऊल पुढे झाले आणि खाकरले.

"आमी आसंव गो," ते म्हणाले. "माणसां आसंव. पोर घे आणि जा."

अस्वलानं पुढचे पाय खाली टेकले. एकदा जोरात फुसकारलं. पिल्लू धडपडत तिच्या पाठीवर चढलं, केसांना धरून बसलं. आणि ती गेली. पळाली नाही हं, गेली. बाजार आटपून घरी निघालेल्या बाईसारखी.

हवालदार मटकन खाली बसला. घोडा हळूच उतरवला, केप काढली, गज ओढला.

"तुम्हाला दिसलं होतं?" त्यानं विचारलं.

"होय."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"तू घड्याळाकडे बघत होतंस."

तात्यांनी काठीनं खाली पाणवठ्याकडे दाखवलं. "चल."

फणस तिथेच होता. खोडाच्या सालीनं गज चहूबाजूंनी गिळत आणला होता, गंजलेलं टोक बोटभर बाहेर. मी सवयीनं हात जोडले.

"मला माहीत आहे," हवालदार खालच्या आवाजात म्हणाला. "आईनं दाखवला होता लहानपणी. तुम्ही बाणासारखा गज सोडलात आणि..."

"सोडूक नाय," तात्या म्हणाले. "इसारलंय."

"...काय?"

"काढूचो इसारलंय. तुझ्यासारखोच. ती समोर उभी ऱ्हवली, माझे हात कापाक लागले, चाप दाबलंय. गज गेलो फणसात. आवाजान ती पळाली. नळी फुटूक नाय, ता माझा नशीब."

"पण गाव म्हणतं..."

"गावान इचारूक नाय. गावान माका खांद्यार घेतल्यान. मी पण बसलंय खांद्यार."

मी पाणवठ्याच्या दगडावर टेकलो. चाळीस वर्षं! माझ्या बायकोला, सासऱ्यांना, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मी हा फणस दाखवला होता, आणि दरवेळी गज दोन बोटं जास्त लांब सांगितला होता. राग यायला हवा होता. पण खरं सांगू? बाणासारखा गज सोडणारा माणूस मला आवडायचाच. तोंडानं 'इसारलंय' म्हणणारा मात्र मी कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांनी काठी उगारली असती.

"चाळीस वर्षं बोलला नाहीत," हवालदार म्हणाला. "मग आज का?"

"तुझ्याकडे पण एक आसा म्हणान."

"काय?"

"न सांगितलेला."

हवालदारानं गज एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"भिवाक हळू चलूक कोणी शिकयल्यान?"

पाणवठ्यात वरून एक थेंब पडत होता. टप... टप. मी थेंब मोजायला लागलो, म्हणजे हवालदाराकडे बघावं लागणार नाही.

"मियां," हवालदार म्हणाला.

फौजेतून आल्यापासून तो आमच्याशी पुस्तकातलं बोलायचा. गावचं बोलणं त्याच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"रजेर इल्लंय तेवा. बागेत काजी चोरूक येयत. मियांच सांगितलंय तेका, हळू चल, पाय वाजवू नको. रानात पाय वाजयणारो मरता, असां सांगितलंय, तात्यानू. तेना माझा ऐकल्यान." त्यानं फणसाकडे पाठ केली. "तेची सवय गाणी म्हणत चलूची. गायत गेलो असतो तर ती बाजूक झाली असती. होय मां? सांगा मां."

तात्यांनी हवालदाराच्या हातातला गज घेतला आणि पाणवठ्याच्या कातळावर एकदाच आपटला.

ठण्!

आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. दूर, खूप वर, कुठेतरी झुडपं मोडली, काळी आणखी वर गेली.

तात्यांनी गज परत त्याच्या हातात दिला.

"ह्यो भिवाक दी."

"आणि काय सांगू?"

"मी तुका आता ह्या फणसाखाली काय सांगितलंय?"

हवालदारानं फणसातल्या गंजलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग बंदूक खांद्याला अडकवली, गज हातात धरला आणि घरी गेला.

घरात काय झालं ते मला माहीत नाही. दार आतून लावलेलं होतं. मी दोनदा वाटेवरून गेलो, माझंच गाव, कोण अडवणार? दुसऱ्या खेपेला मोठ्यानं रडल्याचा आवाज आला. दोघांतला कोण, ते कळलं नाही.

आठव्या दिवशी गावच्या एकोणीस बंदुका टेम्पोत घालून ठाण्यात नेल्या. तात्यांनी आणि हवालदारानं निघण्याआधी आपापला बार आकाशात काढला. ठाण्यातला अंमलदार एकेक बंदूक बघून अर्जाशी ताडून घेत होता.

"वासुदेव दळवी. अर्जात लिहिलंय गजासह. गज कुठे आहे?"

"घरी ऱ्हवलो," हवालदार म्हणाला.

मी पेन काढलं, 'गजासह' खोडलं, 'गजाविना' लिहिलं. पुढचा अर्ज न्हानू गावस यांचा. तिथे 'गजाविना' आधीच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. दर निवडणुकीला मी तसंच लिहीत आलो होतो. घरी ते झाडाच्या सरळ काठीनं ठासायचे, रानात नेली की त्यांच्याकडे एकच बार. का, असं मी कधी विचारलं नव्हतं. गावच विचारत नव्हतं, तर मी कशाला?

नवव्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो. समोर, ओढ्यापलीकडे, दळव्यांची बाग. हवालदार धावत आला. पायात चप्पल नाही.

"तात्यानू, भिवा घरात नाय!"

तात्यांनी कप खाली ठेवला.

"गज पण नाय. दार उघडा. मी उठलंय आणि कोपरो रिकामो..." त्याला धाप लागली होती. "बागेतच गेलो असतलो. एकटो. काल रात्रभर काय बोलूक नाय, नुसतो गज मांडीर घेवन बसलो होतो. मी जातंय."

"बस."

"तात्यानू, तेका एक डोळो! बंदूक ठाण्यात. ती काळी थंयच फिरता, पोर आसा तिच्याकडे. माझ्यामुळे एकदा..."

"बस म्हणतंय मां."

असा आवाज मी तात्यांचा कधी ऐकला नव्हता. हवालदार बसला. ओसरीच्या कडेला, उठायच्या तयारीत, दोन्ही मुठी गुडघ्यांवर.

आम्ही बागेकडे बघत राहिलो.

काही नाही.

एक भारद्वाज हुंकारत होता, तोही थांबला. पानांवर ऊन आलं. चहावर साय धरली. हवालदाराच्या ओठांवर घामाचे थेंब आले होते, आणि माझ्याही मनात नको ते येऊन गेलं. तात्यांनी डोळे मिटले होते.

...

ठण्.

हवालदार ताडकन उठला. तात्यांनी त्याच्या मनगटाला धरलं.

ठण्... ठण्.

वरच्या गडग्याकडून. मग जरा खालून. आवाज चालत होता. थांबायचा, पुन्हा निघायचा, झाडामागून झाड, खाली पाणवठ्याच्या बाजूला. आणि मग गळा ऐकू आला. वर्षभर न वापरलेला, खरखरीत, आधी चाचरत आणि मग दशावतारातल्या राजासारखा अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा.

"येतंय गो... मी येतंय... बाजूक हो!"

हवालदारानं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघितलं. माझेही डोळे काही कोरडे नव्हते.

तात्यांनी अडकित्ता उचलला, सुपारी कातरली आणि एक खांड त्याच्यापुढे धरलं. या वेळी त्यानं घेतलं.

"लागलो बार," तात्या म्हणाले.